वैशाख शुद्ध

मोहफुलं वेचून झाली, तेंदूपानाचा हंगाम तोंडावर आला, आणि गडचिरोलीतल्या आमच्या गल्लीत दर दोन घरांआड मांडव पडू लागले आहेत. मोहाचा गोडसर, आंबूस वास अजून हवेतून गेलेला नाही. पुष्कळांना तो आवडतो. मला मळमळतं. त्यात मोहाचा काही दोष नाही. ज्या दिवसांत हा वास येतो, त्या दिवसांना माझ्या नाकात दुसराच एक वास चिकटलेला आहे. रॉकेलचा, छपाईच्या शाईचा आणि घामेजल्या बोटांवर उतरलेल्या शिशाचा.

काल भाचीनं तिच्या लग्नाची पत्रिका फोनवर पाठवली. लगेच तिचा फोनही आला.

"आत्या, पायली का? अक्षर कसं रॉयल दिसून राह्यलं ना?"

पाहिली. अक्षरं उजवीकडे किंचित कललेली, बोरूनं लिहिल्यासारखी एका अंगाला जाड, एका अंगाला केसाएवढी बारीक. वेलांटी पुढच्या अक्षराच्या डोक्यावरून लांब गेलेली. रफार चंद्रकोरीसारखा. कुणीतरी खूप जीव लावून काढलेलं अक्षर. मी बोटांनी ते मोठं केलं, खाली सरकत गेले आणि 'द्ध' शोधला. होता. फोन टेबलावर उपडा ठेवला आणि उठून चूळ भरली.

भाचीला वाटलं, आत्याला पत्रिका आवडली नाही. तिला काय सांगणार?

ऐंशीच्या दशकाच्या मधलं एखादं वर्ष असेल. मी चंद्रपूरला, जटपुरा गेटच्या आत एका छापखान्यात कंपोझिटर होते. छापखान्याचं आणि मालकांचं नाव लिहीत नाही. माणूस केव्हाच गेला, आणि त्यांची मुलं भेटली तर अजून आदरानं बोलतात. अक्षराचा शिशाचा एकेक खिळा चिमटीत उचलायचा, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, उलटा लावायचा, ओळ भरायची, ती सुतळीनं बांधायची. हे काम मी मॅट्रिकनंतर त्यांच्याकडेच शिकले. आमच्या बाबूपेठेतल्या मुली तेव्हा विड्या वळायला जात, नाहीतर घरी बसत. मालकांनी मला उभं केलं. ओरडले नाहीत कधी. दुपारी पन्हं आलं की ते सगळ्यांना एकाच तांब्यातून, त्याच पेल्यांतून मिळे. माझा पेला वेगळा ठेवायचा, वेगळा धुवायचा, हा हिशेब तिथे नव्हता. हे सगळं खरं आहे आणि मी ते वगळणार नाही. पण त्यामुळे पुढची गोष्ट सोपी होत नाही, आणखी घाण होते.

त्या वर्षी लग्नसराईच्या आधी मालकांनी पुण्याहून एक नवा टाइप मागवला. आम्ही त्याला शाही टाइप म्हणायचो. पेटी उघडली तेव्हा खिळे एकेका कागदात गुंडाळलेले होते, चांदीसारखे चकचकीत. लांब वेलांट्यांची टोकं खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबत. जरा धक्का लागला की मोडतील अशी. मालक म्हणाले, "शोभा, तुझी बोटं बारीक आहेत. याला तूच हात लावायचा."

मला अभिमान वाटला. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा अभिमानच वाटला. त्या टाइपाची केस, म्हणजे अक्षरागणिक खण पाडलेली लाकडी पेटी, माझ्या उंचीला येईल अशी खिडकीशी लावली गेली. दुसऱ्या कुणी तिच्यात हात घालायचा नाही. चैत्रापासून गिऱ्हाइकांची रांग लागली. कापडवाले, कंत्राटदार, शेतीवाडीवाले. प्रत्येकाला तेच अक्षर हवं. वरती गणपती, त्याच्या खाली श्री, मग 'वैशाख शुद्ध' अमुक तिथी, मग मुलाचं नाव, मुलीचं नाव, आणि आग्रहाचं निमंत्रण देणारे नातेवाईक. बाहेर रस्त्याचं डांबर पायताणाला चिकटायचं. खिडकीला वाळ्याची ताटी होती, पण तिच्यावर पाणी मारलं की अर्ध्या तासात सुकायची. कपाळाचा घाम नाकावरून टपकन खिळ्यांत पडायचा आणि मी तो पदरानं टिपायची, नवीन बाळाचं तोंड पुसावं तसा. शिशाची चव जिभेवर राहायची. घरी भात खाताना ती आधी यायची, मग भात.

देवाजीभाऊ आले ते भर दुपारी. कोरपन्याकडच्या एका गावचे. सिमेंटच्या कारखान्यात पोती उचलायचे. मानेच्या वळ्यांत, कानांच्या पाळ्यांत पांढरी धूळ बसलेली. अंघोळ करून आले होते तरी गेली नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी एक पत्रिका आणली होती, त्यांच्या साहेबाच्या घरची. ती आम्हीच छापलेली होती. ती त्यांनी मालकांच्या टेबलावर दोन्ही हातांनी ठेवली.

"असेच अक्षर पायजे, सायेब. पोरगी मास्तरीण होऊन राह्यली. आमच्या गावात पह्यलीच."

मालकांनी त्यांना खुर्ची दिली. माठातलं पाणी स्वतः उठून दिलं. मग कच्चा मजकूर वाचला. वरती 'नमो बुद्धाय' होतं. लग्न वैशाखी पौर्णिमेला, बौद्ध पद्धतीनं. मालकांनी कागद खाली ठेवला आणि फार वाईट वाटल्यासारखा श्वास सोडला.

"देवाजीभाऊ, तुम्हाला नाही म्हणायची इच्छा नाही. पण या टाइपात एक जोडाक्षर आलंच नाही. 'द्ध' नाही. आता 'बुद्ध' कसं छापायचं? चुकीचं छापलं तर पाप मलाच लागेल."

देवाजीभाऊंनी तो कागद उचलून पाहिला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. 'द्ध' कसा दिसतो, हेही त्यांना माहीत नसावं.

मालक माझ्याकडे वळले. आवाज तसाच मऊ. "विचारा हिला. हीच जुळवते हा टाइप. आणि ही तुमच्यातलीच आहे. ही खोटं सांगणार नाही."

माझ्या डाव्या हातात स्टिक होती. तिच्यात त्याच शाही टाइपातली एक ओळ अर्धी लागलेली होती. 'वैशाख शुद्ध द'. पुढे 'शमी' लागायचं होतं. ओळ ढळू नये म्हणून मी अंगठा टेकवला होता तो नेमका त्या 'द्ध'वर. शिसं गरम लागत होतं.

"नाई आहे, भाऊ," मी म्हटलं.

ते लगेच म्हणाले, "असू दे बाई. बुद्धाचं नाव तं बरोबर याले पायजे. साधाच टाका."

आणि साहेबाच्या घरची पत्रिका पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून, घडीवर घडी बसवून ते उन्हात निघून गेले. ते गेल्यावर मालक मला म्हणाले, "माझ्या मनात काही नाही, शोभा. तुला माहीत आहे. पण सगळ्यांच्याच पत्रिकेवर दिसायला लागला की त्या टाइपाची शान जाते. गिऱ्हाईक बोलतं." मी मान हलवली. सबंध छापखान्यात शिवाशीव कुठेच नव्हती. होती ती त्या एका पेटीत, आणि तिची राखण माझ्याकडे होती.

हे कळायला काही वर्षं लागली, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नाही. मला तेव्हाच कळलं. 'शमी' लावून मी ती ओळ पूर्ण केली.

तीन-चार दिवसांनी साध्या टाइपातलं प्रूफ तपासायला देवाजीभाऊंची मुलगी आली. करुणा. माझ्याच वयाची, सुती साडी, दंडावर कापडी पिशवी, केसांना तेल. उभ्याउभ्या तिनं प्रूफ वाचलं, पिशवीतली पेन्सिल काढून एक राहिलेला अनुस्वार दिला, एका ठिकाणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं. मालक आतून कागद आणायला गेले होते. टेबलावर नमुन्याच्या पत्रिका चिकटवलेली वही होती. ती तिनं सहज उघडली. मास्तरीण होणाऱ्या बाईला छापलेलं काही दिसलं की वाचावं लागतं, तसं ती वाचू लागली.

मी टाइपाच्या पेटीशी उभी राहून तिच्या बोटाकडे पाहत होते. बोट एका ओळीवर थांबलं. मग तिनं पान उलटलं. पुन्हा थांबलं.

मालक आले तेव्हा तिनं विचारलं, "सर, हा कोणता टाइप आहे?"

"तो शाही."

"याच्यात 'द्ध' नाई म्हणून बाबानं सांगतलं. इथी तं 'वैशाख शुद्ध' लिवलं आहे." तिनं पान उलटलं. "इथी बी. अन् इथी बी."

आवाज चढला नव्हता. वर्गात एखाद्या पोराची वही तपासावी तसा होता. मालक हसले. ते हसू मला अजून दिसतं. ओशाळलेलं नाही, रागाचं नाही. नीट इस्त्री केलेलं हसू. ते माझ्याकडे वळले.

"अगं शोभा, तुझ्या लक्षात नाही का राहिलं?"

त्या क्षणाला वाट होती. तेवढं म्हणायचं होतं की मला माहीत होतं. छापखान्यात छपाईचं ट्रेडल मशीन बंद होतं, पंख्याचा तेवढा आवाज. मशीनवरचे गुलाबभाऊ, धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचे गोंड, हातातला पाना तसाच धरून माझ्याकडे पाहत होते.

"नाई राह्यलं," मी म्हटलं.

करुणानं नमुन्यांची वही मिटली. मग मालकांना म्हणाली, "मंग आमची पत्रिका याच्यातच जुळवा. मी उद्या प्रूफ पाहाले येतो."

"हो हो. का नाही," मालक म्हणाले.

मी ती पत्रिका जुळवली. इतकी चांगली मी कधीच जुळवली नव्हती. वेलांट्यांमध्ये कागदाच्या बारीक चकत्या घालून अंतर सारखं केलं. 'नमो बुद्धाय' मधोमध घेतलं आणि वर-खाली इतकी मोकळी जागा सोडली की ती ओळ पाण्यावर तरंगावी तशी दिसायला लागली. करुणानं प्रूफ पाहिलं, एकही खूण केली नाही आणि सही करून गेली. मला वाटलं, फिटलं. बघा कसं असतं. चांगलं काम करून माणूस स्वतःला किती लवकर माफ करतो.

पत्रिका न्यायला देवाजीभाऊ आले. गठ्ठ्यातली एक त्यांनी उघडली, उलटी धरली, मी सुलटी करून दिली.

"'बुद्ध' कुठी आहे, बाई?"

मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला होऊ दिलं आणि तिथे आपलं ठेवलं. नखात सिमेंट होतं. छपाई ताजी होती, दाब चांगला बसला होता, अक्षर कागदात किंचित रुतलं होतं. ते त्यांच्या बोटाला लागलं असावं. कारण ते म्हणाले, "हाताले लागते." आणि हसले. जाताना त्यांनी मला जयभीम घातला. मीही घातला.

ते रस्त्याला लागले असतील नसतील, मालक मशीनपाशी आले. छापून झालेला मजकूर रॉकेलच्या ब्रशनं धुवायचा, शाई काढायची आणि मग खिळे आपापल्या खणांत परत टाकायचे, ही रोजची रीत. धुणं गुलाबभाऊंचं, खिळे टाकणं माझं. गुलाबभाऊंनी धुऊन ठेवलं होतं. खिळे ओले, स्वच्छ दिसत होते.

मालक म्हणाले, "गुलाब, हे दोनदा धू."

"काऊन? शाई तं निंगाली."

"असू दे. उद्या त्याच्यावर देवाचं नाव जायचं आहे." इतकं साधं म्हणाले, माठ भरून ठेव म्हणावं तसं. आणि आत हिशेबाच्या खोलीत गेले.

गुलाबभाऊंनी ब्रश डब्यात ठेवला. हात पुसले. "मी एकडावच धुतो," ते म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, माहीत नाही. आणि बिडी ओढायला बाहेर कडुलिंबाखाली गेले.

आत मी एकटी उरले. मालक दिसत नव्हते. परत येऊन ते तपासणारही नव्हते. धुतलेला टाइप दोनदा धुतला की एकदा, हे जगातल्या कुणालाही ओळखता येत नाही. मी तसेच खिळे खणांत टाकले असते तरी काही झालं नसतं.

मी ब्रश उचलला. रॉकेलमध्ये बुडवला. 'नमो बुद्धाय'वरून फिरवला, मग करुणाच्या नावावरून, मग देवाजीभाऊंच्या. नीट फिरवला, वेलांटीची टोकं मोडू नयेत म्हणून जपून. काळं काही निघालं नाही. रॉकेल पारदर्शक ओघळत होतं आणि मी धूत होते. हे खिळे दिवसभर माझ्याच चिमटीत असतात, गणपतीचं नाव मीच जुळवते, माझा घाम त्यांच्यावर पडतो. हा साधा विचार त्या वेळी माझ्या डोक्यात आला होता. येऊनही हात थांबला नाही. किळस म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. ती मालकांची नव्हती. मालकांचं मी समजू शकत होते. ती कोपरापासून बोटांपर्यंतच्या माझ्या हाताची होती, जो कुणी न बघता, कुणी न दटावता, शहाण्यासारखा काम करत होता.

बाहेरून गुलाबभाऊ आले. ओला ब्रश त्यांनी पाहिला. त्या लग्नसराईत त्यांनी माझ्याकडून पुन्हा कधी तंबाखूचा चुना मागितला नाही, आणि तोवर रोज मागायचे.

नोकरी सोडली, असं इथे लिहायला आवडलं असतं. सोडली नाही. आणखी पाच-सहा लग्नसराया मी त्याच खिडकीशी उभी होते. पुढे दुसऱ्या छापखान्यांत ऑफसेट आलं, गिऱ्हाईक पांगलं, तशी त्या टाइपाची शान मालकांनी आपोआपच सोडून दिली. मग कुणीही या, कुठलंही नाव घेऊन या, शाही टाइप मिळायचा. दोनदा धुणंही बंद झालं. कुणी बंद करा म्हटलं नाही, नुसतं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. शेवटी वेलांट्या झिजून बोथट झाल्या आणि सगळे खिळे भंगारात गेले. तोवर माझं लग्न होऊन मी गडचिरोलीला आले होते. माझ्या पत्रिकेला मी साधा टाइप मागितला. सासरच्यांना वाटलं, मुलगी साधी आहे.

करुणा पुन्हा भेटली त्याला आता थोडीच वर्षं झाली. चंद्रपूरहून गडचिरोलीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे येऊन एक बाई बसल्या. पांढरे केस, चष्मा, मांडीवर कापडी पिशवी. गाडी गावाबाहेर पडून दोन्हीकडे साग लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी जटपुऱ्याच्या प्रेसमंधी होत्या ना?"

जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. वाटेवरच्या मूल गावी मुलाकडे निघाल्या होत्या. मी देवाजीभाऊंचं विचारलं.

"बाबा गेले. पत्रिका होती ना माझ्या लग्नाची, ते शेवटपर्यंत त्याईच्या कागदपत्राच्या पिशवीत होती. रेशनकार्डाच्या संगं. कोणी आलं का काढून दाखवत. 'हाताले लागते पाय,' म्हणत." त्या हसल्या. "वाचता तं येत नव्हतं. पण बोट बरोबर 'बुद्ध'वर ठेवत."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण इतक्या वर्षांचं ते तोंडाशी आलं आणि मी सांगितलं. 'द्ध' आहे हे मला माहीत होतं, हे सांगितलं. ते त्यांना तेव्हाच कळलं होतं, त्यांनी नुसती मान हलवली. मग दोनदा धुण्याचं सांगितलं. गुलाबभाऊंनी नाही म्हटलं, हे सांगितलं. कुणी बघत नसताना मी धुतलं, हेही सांगितलं.

त्यांच्या हातांनी पिशवीचे बंद गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

मग म्हणाल्या, "मले त्या मालकाचं काई नाई वाटत. तेव्हाबी नव्हतं वाटलं. तुमाले सांगू का, शोभाबाई? ते पत्रिका आमच्या घरात एकच गोष्ट अशी होती का जिच्यात काई घाण नव्हती. तुमी आता मोकळ्या झाल्या असान. पण मी हे घेऊन कुठी जाऊ? घरी तेच पत्रिका आहे. काढली का आता मले रॉकेलचा वास येईन."

राग नव्हता त्यांच्या आवाजात. दमणूक होती.

मूलचा स्टँड आला. कंडक्टरनं घंटी मारली. त्या उठल्या, दांड्याला धरून दारापर्यंत गेल्या. मला सांगावंसं वाटत होतं की मी मोकळी झालेली नाही, सांगूनही नाही, उलट आता जास्तच. पण तेही त्यांच्याच पदरात टाकणं झालं असतं. त्या खाली उतरल्या, पिशवी खांद्यावर सारखी केली आणि मागे न बघता स्टँडच्या सावलीत गेल्या. मी तोंड उघडलं नाही. जन्मभर मी नको तिथे गप्प बसत आले. त्या दिवशी एकदा, फार उशिरा, योग्य ठिकाणी बसले.